दुसऱ्या बाजूचं चौथं कडवं

ट्युनिस,
३ मार्च १९८३

प्रिय शाझलियामावशी,

सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? मी मागच्या महिन्यात बसने पाठवलेला रेडिओ मिळाला ना?

एका कामासाठी लिहितो आहे. आईच्या ‘नावे गं नावे’ला यंदा पन्नास वर्षं होतात. आमच्या संगीत विभागाने त्यावर तासाभराचा कार्यक्रम करायचं ठरवलं आहे आणि तो माझ्याकडे दिला आहे. मुलगा म्हणून नव्हे, जाणकार म्हणून दिला, असं साहेब दोनदा म्हणाले.

गाण्याची सगळी ध्वनिमुद्रणं मी गोळा केली. पहिली आईची १९३३ची तबकडी, रेडिओने नावाचा पुकारा वगैरे कापून टेपवर घेतलेली. मग १९४८ची, लग्नात गाणाऱ्या त्या जाड्या गायकाची. १९६२ची आमच्या रेडिओच्या वाद्यवृंदाची, चाळीस व्हायोलिनांची. १९७४ची, हॉटेलातल्या पोरांनी गिटारवर केलेली. आता एक नवी गायिका कॅसेट काढते आहे, तिची तालीम ऐकली. आणि मावशी, एक विलक्षण गोष्ट सापडली. पाचही जण दुसऱ्या कडव्यानंतर, ‘माझ्या माणसाला किनारी—’ इथे अर्ध्यातच थांबतात. पूर्ण शांतता. मग तीच ओळ पुन्हा उचलतात. चाळीस व्हायोलिनंसुद्धा थांबतात. लग्नात तर बायका नाचता नाचता तिथे एक गिरकी घेतात.

माझं मत असं की ही शांतता म्हणजे समुद्राकडे बघणाऱ्या बाईचा अडकलेला श्वास आहे, आणि गिरकी म्हणजे परत फिरणारी नाव. यावर मी चार पानं लिहिली आहेत. त्या दिवसांतलं तुला काही आठवत असेल तर कळव.

तुझा,
बशीर

*

स्फाक्स,
१२ मार्च १९८३

बाळ बशीर,

तुझं पत्र सी तिजानीने वाचून दाखवलं. दोनदा. पहिल्यांदा मला वाटलं त्याचा चष्मा बिघडलाय. सी तिजानी म्हणजे आमच्या गल्लीतला पोस्टमन, सगळे मानाने ‘सी’ लावतात. एकतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, आता निवृत्त होऊन माझी लिहितो. मी सांगते ते जसंच्या तसं लिहायचं, असं ठरलंय. (लिहितो आहे. — तिजानी)

रेडिओ मिळाला. गुडघे आहेत तिथेच आहेत.

तुझी चार पानं चुलीत घाल. तो श्वासबीस काही नाही. तबकडीची एक बाजू तिथे संपते. गाणं मेणाच्या चकतीवर कोरून घ्यायचे, एका बाजूत तीन मिनिटं मावायची. मेण संपलं की गाणं संपलं, मग ते ‘किनारी’वर असो की भर समुद्रात. आमचे अब्बा खुर्ची मागे सारून उठायचे, तबकडी उलटी करायचे, चावी सहा वेळा फिरवायचे आणि मग खाकरून बसायचे. तेवढ्या वेळाला तू शांतता म्हणतोस.

आणि गिरकी. तबकडी आली त्याच वर्षी आमच्या आतेबहिणीचं लग्न होतं. बायका नाचत होत्या, गाणं मध्येच बंद पडलं. यंत्र मोडलं की काय म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. अब्बा तबकडी उलटत होते. पुन्हा सुरू झालं, पुन्हा नाचल्या. पुढच्या लग्नात आधीच ठाऊक होतं, म्हणून ठेक्यात वळल्या. त्यांच्या मुली त्यांचं बघून वळल्या. आता यंत्र नाही, अब्बा नाहीत, तरी वळतात. त्या जाड्याने गाणं तबकडीवरून उचललं, तुझ्या चाळीस व्हायोलिनांनी जाड्याकडून उचललं.

आता मी एक विचारते. तुझ्या कार्यक्रमात गाण्याचे बोल कुणाचे म्हणून सांगणार आहेस?

शाझलियामावशी

*

ट्युनिस,
२४ मार्च १९८३

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं. मग वाद्यवृंदाच्या प्रमुखांना तबकडीच्या बाजूचं सांगितलं. ते म्हणाले, ‘असेल. पण कागदावर चार मात्रा लिहिल्यात, आम्ही चार मात्रा थांबणार.’ माझ्या चार पानांतलं दीड पान तरी वाचेल असं वाटतं.

बोलांचं विचारलंस. रेडिओच्या नोंदीत आजवर नुसतं ‘पारंपरिक’ असं आहे. हा आईवर अन्याय आहे. बोल आईचेच, हे सगळं ट्युनिस जाणतं. नोंद बदलून घेण्यासाठी मी समितीकडे अर्ज केला आहे, वर्तमानपत्राला मुलाखतही दिली. कात्रण सोबत आहे. मथळा ‘सतरा वर्षांच्या झुहूरचं अमर गीत’. फोटोत मीच आहे, आईचा त्यांना वेळेवर मिळाला नाही.

आईच्या पेटीत आणखी एक तबकडी निघाली. एकाच बाजूची. वर कंपनीची चिठ्ठी नाही, खडूने फुली मारलेली. तिच्या लग्नाच्या ओढणीत गुंडाळून ठेवली होती. आईचाच आवाज आहे, पण बस चुकेल म्हणून पळाल्यासारखी गाते आहे, आणि शेवटी आवाज मध्येच तुटतो. बिघडलेली प्रत असावी. मी पुरती ऐकलीही नाही. कार्यक्रमात तिचा उपयोग नाही.

तुझा,
बशीर

*

स्फाक्स,
४ एप्रिल १९८३

बशीर,

कात्रण बघितलं. तू जाड झालास.

आता नीट ऐक. सी तिजानी, तूही नीट लिही. ते बोल माझे आहेत.

मी एकोणीस वर्षांची होते. ताहिरशी माझं ठरलं होतं. तो करकना बेटांकडे समुद्रात बुड्या मारून स्पंज काढायला गेला होता आणि दोन महिने त्याची खबर नव्हती. मी खिडकीत बसून लोकांचे कपडे शिवायचे आणि शिवता शिवता ओळी जोडायचे. चार कडवी झाली. नाव परत आली. त्यात ताहिर होता, आणि त्याची बायकोही होती, बेटावरची. गाणं मात्र चांगलं झालं होतं. माझा आवाज फाटका, झुहूरचा गोड. म्हणून मी तिला दिलं.

आपल्याकडची रीत तुला रेडिओवाल्याला मी सांगायची का? बोल ज्याचे, तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. नाव नसलेलं गाणं बेवारस. चौथं कडवं असं होतं:

*बोल कुणाचे, विचारलं तर सांग त्यांना,*
*नावे गं नावे, सांग किनाऱ्याला,*
*खिडकीत सुई घेऊन बसलेल्या शाझलियाचे.*

झुहूर ट्युनिसला गेली, हॉटेलात तबकड्या काढणाऱ्या परदेशी लोकांच्या यंत्रासमोर गायली, आणि तीन महिन्यांनी तबकडी घरी आली. अब्बांनी लावली. पहिल्या बाजूला आधी एक माणूस ओरडतो, ‘गाते आहे लल्ला झुहूर, स्फाक्सची!’ सतराव्या वर्षी बाईसाहेब. उलटी केली. पुन्हा तो ओरडतो, ‘दुसरी बाजू, गाते आहे लल्ला झुहूर!’ मग व्हायोलिनवाला एकटाच वाजवतो आणि आपणच आपल्याला वाहवा म्हणतो. मग ‘किनारी’ची ओळ पुन्हा, मग तिसरं कडवं. मी चौथ्याची वाट बघत राहिले. सुई खरखरत आत गेली आणि तबकडी संपली.

मी झुहूरकडे बघितलं. ती म्हणाली, ‘जागा नव्हती गं.’ मी ‘बरं’ म्हटलं. तेवढंच बोलणं झालं. तिच्या नावाला दोनदा जागा होती, माझ्या नावाला एकदाही नव्हती.

त्यानंतर शेहेचाळीस वर्षं मी दर ईदला तिच्याकडे गेले. तिने केलेला खारा मासा आणि कांदा-मनुक्यांचा शर्मूला खाल्ला, चांगला झालाय म्हटलं. तो विषय काढला नाही. ती गेली त्या दिवशीसुद्धा मी तिच्या उशाशी बसून मनात तेच म्हणत होते, जागा नव्हती म्हणे.

मला लिहिता येत नाही, बशीर. सरकारी कागदावर मी अंगठा देते. ते कडवं ही माझी एकुलती एक सही होती. मी मरायच्या आधी ती एकदा सगळ्यांना ऐकू येऊ दे. तुझ्या हातात आहे म्हणून सांगते.

शाझलियामावशी

*

ट्युनिस,
२० एप्रिल १९८३

आदरणीय मावशी,

तुझं पत्र मिळालं. मी ते समितीपुढे ठेवलं नाही. तोंडी सांगितलेल्या आठवणी पुरावा म्हणून धरत नाहीत, असा नियम आहे. शिवाय तुझं वय आता पंचाहत्तरच्या घरात, आणि इतक्या वर्षांनी कुणाच्याही आठवणींत सरमिसळ होते. आईने तर तुझं नाव या संदर्भात कधी घेतलं नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी ‘विशेष आभार’मध्ये तुझं नाव घालायची व्यवस्था मी करेन.

आपला,
बशीर

*

स्फाक्स,
२५ मे १९८३

सी बशीर यांस,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितो आहे. लल्ला शाझलियांना ठाऊक नाही. एकतीस वर्षांत मी दुसऱ्याच्या पत्रात नाक खुपसलं नाही, आता पेन्शनवर आहे.

तुमच्या पत्राला त्यांनी तीनदा उत्तर सांगितलं आणि तीनदा फाडायला लावलं. पहिलं फाडलं ते बरंच झालं. त्यांचं वय एकोणसत्तर आहे, पंचाहत्तर नव्हे, हे सर्वात आधी लिहिलं होतं. तुमचा रेडिओ उद्याच्या बसने परत येतो आहे. ड्रायव्हरकडून पोच घ्या. शिवताना त्या गुणगुणायच्या, ते महिनाभर बंद आहे. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मलाही होतं. रोज दुपारी मी त्यासाठीच खुर्ची त्यांच्या भिंतीला लावून बसतो, हे तुम्हाला लिहायला हरकत नाही.

मला गाण्यातलं कळत नाही. पण पाकिटात काय मावतं आणि काय मावत नाही, ते कळतं. तुमच्या आईने ‘जागा नव्हती’ म्हटलं. त्या खोटं बोलल्या असं लल्लांना वाटतं, आणि लल्ला खोटं बोलतात असं तुम्हाला वाटतं. जागा मोजता येते. चौथं कडवं त्या गुणगुणायच्या तेव्हा मी घड्याळ लावून पाहिलं आहे: अठ्ठावीस सेकंद. तबकड्या तुमच्याकडे आहेत. मोजा.

तिजानी

*

ट्युनिस,
९ जून १९८३

प्रिय मावशी,

हे पत्र फाडायच्या आधी पूर्ण वाचून घे. सी तिजानी, कृपया सावकाश वाचा.

मी मोजलं. दुसऱ्या बाजूवर ओरडणाऱ्याचे आठ सेकंद, व्हायोलिनवाल्याचे बारा. एकूण वीस. तुझं कडवं अठ्ठावीसचं. दोन्ही काढून टाकली तरी आठ सेकंद कमी पडतात. आई खरं बोलत होती, असं लिहून मी पत्र संपवणार होतो, आणि मनातून थोडा खूशही होतो. मग मला ती फुलीची तबकडी आठवली.

मी ती पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. ओरडणारा माणूस नाही. व्हायोलिन नाही. एकदम ‘किनारी’ची ओळ, तिसरं कडवं सुरू होतं आणि आई धावते आहे. आठ सेकंद वाचवायला धावते आहे. डफवाला मागे पडतो, ती थांबत नाही. आणि मग चौथं कडवं येतं. ‘बोल कुणाचे, विचारलं तर सांग त्यांना.’ शब्द न् शब्द तू सांगितलास तोच. ‘खिडकीत सुई घेऊन बसलेल्या शाझ—’ आणि मेण संपतं.

मी ते अकरा वेळा ऐकलं. आमच्या जुन्या तंत्रज्ञांना बोलावून ऐकवलं. ते म्हणाले, ही चाचणीची तबकडी. गायिकेचं नाव पुकारल्याशिवाय कंपनी तबकडी पास करत नसे, म्हणून फुली. म्हणजे मावशी, तुझं नाव बसावं म्हणून आईने स्वतःचं नाव काढून टाकलं होतं. तरी अर्धंच बसलं. मग त्यांनी तिच्याकडून रीतसर गाऊन घेतलं, आणि ही तिने लग्नाच्या ओढणीत बांधून ठेवली. तुला का नाही दाखवली, मला माहीत नाही. अर्ध्या नावाचं काय दाखवायचं, असं वाटलं असेल.

मी तुला म्हातारी आणि विसरभोळी ठरवलं. आईची कीर्ती कमी होईल या भीतीने ठरवलं. मला लाज वाटते. माफ कर.

वर्तमानपत्राला दुरुस्ती पाठवली. ऑलिव्हच्या भावाखाली दोन ओळी छापून आली. समितीने चाचणीची तबकडी पुरावा म्हणून मान्य केली. अर्ध्या नावावर एक सदस्य अडले होते. बाकीच्यांनी त्यांना विचारलं, स्फाक्समध्ये ‘शाझ’ने सुरू होणाऱ्या, सुई घेऊन खिडकीत बसणाऱ्या आणि झुहूरच्या घरात राहणाऱ्या बायका किती? नवी गायिका चारही कडवी गाणार आहे. त्या तबकडीची कॅसेट करून बसने पाठवतो आहे, रेडिओसोबत. दोन्ही ठेवून घे.

तुझा,
बशीर

*

स्फाक्स,
१९ जून १९८३

बाळ बशीर,

कॅसेट सी तिजानीच्या यंत्रावर ऐकली. रोजा होता, तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून बसूनच ऐकली.

ती लहानपणी अशीच धावायची. अब्बांनी हाक मारली की जिन्यावरून अशीच.

मी रडले. सी तिजानी विचारतो, हे लिहू का. लिही. पन्नास वर्षं मी माझ्या बहिणीला खोटारडी म्हटलं, आणि ते तिच्या तोंडावर म्हणायचीही हिंमत केली नाही, म्हणजे तिला उत्तर तरी देता आलं असतं. एकदा ‘कशी नव्हती जागा?’ एवढं विचारलं असतं, तर तिने ओढणी सोडून दाखवली असती. मी ‘बरं’ म्हटलं आणि मासा खाल्ला. तिचा मासा खरंच चांगला व्हायचा, बशीर. तेही मी खोटंच म्हणायचे.

तुला माफ केलं. तू तुझ्या आईसाठी भांडलास, ते पोराने करावंच. पंचाहत्तरचं मात्र लक्षात ठेवीन.

आता माझ्या दोन अटी. मधली थांबायची जागा काढायची नाही. ती तबकडीमुळे आली असेल, पण आता बायकांची झाली. काढलीत तर ऐन लग्नात एकमेकींवर आदळतील. आणि दुसरी अट: त्या थांबण्यात तो माणूस ओरडला पाहिजे. ‘दुसरी बाजू, गाते आहे लल्ला झुहूर!’ आता मेण नाही ना? कॅसेटमध्ये जागा असते ना? मग दोघींची नावं घाला.

शाझलियामावशी

*

ट्युनिस,
२२ जुलै १९८३

प्रिय मावशी,

ईदच्या शुभेच्छा, उशिरा का होईना.

नव्या गायिकेचं म्हणणं पडलं की तिच्या कॅसेटमध्ये दुसरीचं नाव का पुकारायचं. मी तिला फुलीची तबकडी ऐकवली. तिने नाक पुसलं आणि गायला उभी राहिली. खरी अडचण तिला साथ करणाऱ्या आमच्या वाद्यवृंदप्रमुखांची. चार मात्रांत पुकारा बसेना. पंधरा दिवस बोलणी झाली, शेवटी त्यांनी सहा दिल्या. चार पानांपैकी माझं आता एकही उरलेलं नाही.

कार्यक्रम ५ ऑगस्टला, संध्याकाळी सहाला. सोबत समितीचा छापील कागद आहे. गीतकार म्हणून तुझी नोंद व्हायची आहे. खाली रेघेवर सही हवी. अंगठा चालेल, मी विचारून घेतलं आहे.

तुझा,
बशीर

*

स्फाक्स,
७ ऑगस्ट १९८३

बाळ बशीर,

ऐकलं. रेडिओ खिडकीत ठेवला होता, त्यामुळे गल्लीनेही ऐकलं. सी तिजानीने खुर्ची या वेळी भिंतीच्या आतल्या बाजूला आणली. (बोलावलं होतं. — तिजानी)

‘किनारी—’ला थांबलं, आणि दारातल्या सगळ्या बायका वळल्या. मीही वळले, खुर्चीतल्या खुर्चीत, गुडघ्यांनी जेवढं दिलं तेवढी. तेवढ्यात माणूस ओरडला, ‘गाते आहे लल्ला झुहूर!’ त्या पोरीने नंतर छान म्हटलं. घाई केली नाही. चौथ्या कडव्यात माझं नाव आख्खं आलं. समोरची शिंपीण, चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, म्हणते, ‘अगं, तुझ्याच नावाची कुणीतरी निघाली.’ मी म्हटलं, ‘असेल.’

दोघींची नावं बसली, आणि वर तुमच्या माणसाने घड्याळात किती वाजले तेही सांगितलं. आता भरपूर जागा आहे म्हणायची.

समितीचा कागद परत पाठवते आहे. अंगठा दिलेला नाही. सहीच्या रेघेवर सी तिजानीने मी सांगितलं ते लिहिलं आहे: ‘दुसरी बाजू, चौथं कडवं.’ समितीला म्हणावं, सही तिथे आहे, ऐकून घ्या.

शाझलिया